व्याख्येच्या समासात साल लिहा

मेंदूतील एक चेतापेशी दुसरीला निरोप कसा देते, या प्रश्नाचे उत्तर तुमच्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. पहिल्या पेशीच्या टोकाशी रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या असतात. विद्युत स्पंद टोकापर्यंत आला की त्या पिशव्या उघडतात आणि रसायन दोन पेशींमधल्या फटीत सांडते. पलीकडच्या पेशीच्या पृष्ठभागावर त्या रसायनाचे ग्राही असतात. कुलपात किल्ली बसावी तसे ते रसायन त्यांत बसते आणि निरोप पोचतो. काम झाले की रसायन नष्ट केले जाते किंवा परत ओढून घेतले जाते. उत्तर चांगले आहे. त्याला पूर्ण गुण मिळतील.

पण आपल्या मेंदूत असा एक दूत आहे, की जो यांतले जवळजवळ एकही कलम पाळत नाही. तो पिशवीत राहत नाही, पृष्ठभागावरच्या ग्राहीपाशी थांबत नाही आणि पुढच्याच पेशीकडे जाईल असेही नाही. कारण तो वायू आहे. त्याचे नाव नायट्रिक ऑक्साइड.

मग वरचे उत्तर चूक म्हणायचे काय? तसे नाही. मला जे मांडायचे आहे ते असे, की व्याख्या शिकवावी, पाठही करावी; पण ती केव्हा ठरली आणि कशावरून ठरली हे सोबत सांगितले नाही, तर तीच व्याख्या पुढे डोळ्यांवरची झापडे होऊन बसते. नायट्रिक ऑक्साइडची हकीकत याचे उत्तम उदाहरण आहे.

ओळखीचाच वायू

नत्राचा एक अणू आणि प्राणवायूचा एक अणू मिळून हा रेणू होतो. आमच्या देवळ्याकडे वळवाच्या पावसात विजा लखलखतात, तेव्हा विजेच्या वाटेवरची हवा इतकी तापते की तिच्यातील नत्र व प्राणवायू यांचा संयोग होऊन हाच वायू बनतो. कांद्याच्या ट्रकच्या इंजिनातही उच्च तापमानामुळे तो बनतो आणि धुराबरोबर बाहेर पडतो. प्रयोगशाळेत तांब्याच्या किसावर विरल नायट्रिक आम्ल ओतले म्हणजे तो मिळतो. स्वतः तो रंगहीन असतो, परंतु हवा लागताच त्याचे रूपांतर तांबूस तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये होते. हा वायू विषारी असल्यामुळे हा प्रयोग शिक्षकांनीच, वायुवीजन चांगले असेल अशा जागी करावा. दंतवैद्य गुंगी आणण्यासाठी वापरतात तो नायट्रस ऑक्साइड वेगळा, हेही ध्यानात ठेवा. एका अक्षराचा फरक आहे, पण पदार्थ निराळे आहेत.

जोसेफ प्रीस्टले याने १७७२ साली या वायूचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर दोनशे वर्षे रसायनशास्त्राच्या पुस्तकात त्याची ओळख आम्लाच्या कारखान्यातील एक टप्पा आणि हवा बिघडवणारा वायू एवढीच राहिली. जीवशास्त्राच्या पुस्तकात त्याला जागाच नव्हती.

व्याख्या कशी ठरली

रासायनिक दूताची व्याख्या ज्या प्रयोगातून सुरू झाली तो १९२१ सालचा. ऑटो लोवी याने बेडकाची दोन हृदये क्षारजलात धडधडत ठेवली. पहिल्याला जोडलेली व्हेगस चेता त्याने उद्दीपित केली तेव्हा ते हृदय मंदावले. मग त्या हृदयाभोवतीचा द्रव त्याने दुसऱ्या हृदयावर घातला. त्याला कोणतीही चेता उद्दीपित केलेली नसताना तेही मंदावले. म्हणजे चेतेने द्रवात काही तरी सोडले होते. ते अॅसिटिलकोलीन होते. या कार्यासाठी १९३६ साली लोवी आणि हेन्री डेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे १९५०च्या दशकात बर्नार्ड कॅट्झ व त्याच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की हे रसायन सलग पाझरत नाही, ठरावीक मापाच्या पुड्यांनी बाहेर पडते. त्याच सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने चेतातंतूच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्या दाखवल्या. पुरावा एकमेकांशी जुळला. त्यातून दूताची लक्षणे ठरली: पेशीत तयार होणे, पिशवीत साठणे, स्पंद आल्यावर बाहेर पडणे, समोरच्या ग्राहीत बसणे आणि काम होताच दूर होणे. तोवर जे दूत सापडले होते त्यांना ही लक्षणे चपखल लागू पडत होती. व्याख्या प्रामाणिक होती. पण ती 'आजवर सापडलेल्या दूतांची' व्याख्या होती. 'आजवर' हा शब्द पुस्तकात उतरताना गळला.

रक्तवाहिनीचे अस्तर

पुढचा धागा रक्तवाहिनीत सापडला. अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महारोहिणीच्या तुकड्यांवर अॅसिटिलकोलीनचा परिणाम पाहत होता. तुकडा कधी आकुंचन पावे, कधी सैल पडे. १९८० साली त्याने कारण प्रसिद्ध केले. तुकडा कापताना आतले नाजूक अस्तर खरवडले गेले तर वाहिनी आकसते. अस्तर शाबूत असेल तर ती सैल पडते. म्हणजे अॅसिटिलकोलीनचा निरोप अस्तराला मिळतो आणि अस्तर आणखी एक दूत स्नायूकडे पाठवते. हा दूत काही सेकंदांतच नाहीसा होई. १९८६ साली फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी स्वतंत्रपणे असा तर्क मांडला, की हा दूत नायट्रिक ऑक्साइडच असावा. १९८७ साली इंग्लंडमध्ये साल्वाडोर मोंकाडा यांच्या गटाने अस्तराच्या पेशींतून निघणारा वायू प्रत्यक्ष मोजून दाखवला.

फेरिड मुराद याच्या गटाने तर १९७७ सालीच दाखवले होते, की नायट्रोग्लिसरीनसारखी औषधे आणि खुद्द नायट्रिक ऑक्साइड वायू पेशींतील एकाच विकराला जागे करतात. ते विकर चक्रीय जीएमपी नावाचे रसायन तयार करते आणि स्नायू सैल पडतो. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विहीर खोदताना काळा पाषाण फोडणाऱ्या जुन्या जिलेटीनच्या कांड्यांत जे नायट्रोग्लिसरीन असे, तेच हृदयविकाराच्या रुग्णाच्या जिभेखाली अगदी अल्प मात्रेत का चालते, याचाही उलगडा यातून झाला.

मेंदूत काय घडते

आता मेंदूकडे येऊ. १९८८ साली जॉन गार्थवेट व सहकाऱ्यांनी उंदराच्या जातीच्या प्राण्याच्या अनुमस्तिष्कातील पेशी घेतल्या आणि त्यांना ग्लुटामेट या नेहमीच्या दूताने उद्दीपित केले. त्या पेशींतून एक अल्पायुषी पदार्थ बाहेर पडला. त्याने रक्तवाहिनीचा तुकडा सैल पडला. द्रवात हिमोग्लोबिन घातले की परिणाम नाहीसा होई, कारण हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइडला झटकन पकडते. अस्तरातील दूताचे गुणधर्म मेंदूच्या पेशींतील या पदार्थात जसेच्या तसे दिसत होते.

पाठोपाठ बाल्टिमोर येथे डेव्हिड ब्रेट आणि सॉलोमन स्नायडर यांनी हा वायू तयार करणारे विकर १९९० साली मेंदूतून शुद्ध करून काढले. त्यातून कामाचा क्रम स्पष्ट झाला. ग्लुटामेट एका विशिष्ट ग्राहीत बसले, की त्या ग्राहीचे दार उघडते आणि कॅल्शियमचे आयन पेशीत शिरतात. कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला जाऊन मिळते आणि ती जोडी विकराला चालू करते. विकर आर्जिनीन हे अमिनो आम्ल आणि प्राणवायू घेऊन नायट्रिक ऑक्साइड बनवते. हे आर्जिनीन आपल्याला शेंगदाण्यातून, डाळींतून मिळते. वायू साठवला जात नाही. मागणी येते, त्या क्षणी तो बनतो. रेणू लहान आणि विद्युतभाररहित असल्यामुळे तो पेशींच्या पटलांतून सरळ आरपार जातो, शेजारच्या पेशीच्या आतील विकरामधल्या लोहाला चिकटतो, चक्रीय जीएमपी वाढते आणि निरोप पोचतो.

नेहमीचा दूत पोस्टमनसारखा असतो. पाकीट घेऊन तो पत्त्यावरच्या दारात जातो. नायट्रिक ऑक्साइड फोडणीच्या वासासारखा आहे. फोडणी साठवून ठेवता येत नाही. मोहरी तडतडली की वास उठतो, भिंतीपलीकडच्या घरात शिरतो आणि थोड्या वेळात विरून जातो. तो शेजारच्या तीन घरांना एकदम कळतो. एवढेच काय, ज्याने फोडणीचे सामान आणून दिले त्याच्यापर्यंतही मागे पोचतो. निरोप घेणारी पेशी निरोप देणाऱ्या पेशीला या वायूच्या मार्गे 'मिळाला, आणखी जोर लाव' असे कळवत असेल काय? स्मृती तयार होताना चेतासंधी बळकट होतात, त्यात असे काही घडते का, हे अनेकांनी तपासले. काही प्रयोगांत तसे दिसले, काहींत दिसले नाही. मेंदूचा भाग व प्रयोगाची पद्धत यांवर उत्तर बदलते. मेंदूच्या कार्यरत भागाकडे रक्ताचा पुरवठा वाढवण्यात मात्र या वायूचा वाटा असल्याचे दिसून आले आहे.

या वायूला 'चांगला' किंवा 'वाईट' असे एकच लेबल चिकटवता येत नाही. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की ग्लुटामेट अतोनात सांडते, नायट्रिक ऑक्साइडही बेसुमार बनतो आणि त्यातून पेशींना घातक असे रसायन तयार होते. चेतापेशींतील हे विकर ज्यांच्यात नाही अशा उंदरांवर १९९४ साली प्रयोग झाला, तेव्हा अशा प्रसंगी त्यांच्या मेंदूचे नुकसान कमी झाले. रक्तवाहिनीच्या अस्तरातील विकर नसलेल्या उंदरांमध्ये मात्र १९९६ साली उलट दिसले, म्हणजे नुकसान वाढले. वायू तोच. तो कोठे आणि किती बनतो यावर सारे अवलंबून.

महाडचा दाखला

हे सारे परदेशांतील प्रयोगशाळांचे झाले. आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण या विषयाशी अगदी जवळचे आहे, आणि तेही ग्रामीण दवाखान्यातले. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत. विंचू आपल्या कसमादे भागालाही नवा नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७०च्या दशकापासून बिरवाडी आणि महाड येथे अशा रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली. १९८२ साली त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आली. भारत सरकारने २०२२ साली त्यांना पद्मश्री दिली.

या विंचवाचे विष चेतातंतूंमधील सोडियमच्या वाटा उघड्या ठेवते. तंतू थांबत नाहीत. त्यांच्या टोकांतून नेहमीचे दूत, म्हणजे नॉरअॅड्रेनलीनसारखी रसायने, भसाभस बाहेर पडतात. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरते. बावस्करांनी यावर प्राझोसीन हे औषध वापरले आणि त्याचे अनुभव १९८६ साली प्रसिद्ध केले. मृत्यूचे प्रमाण त्यामुळे फार खाली आले. फुप्फुसात पाणी झालेल्या गंभीर रुग्णांना त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड शिरेतून दिले.

आता या दोन औषधांची तुलना करा. प्राझोसीन हे पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्राही अडवून बसते, त्यामुळे नॉरअॅड्रेनलीनची किल्ली कुलपात जात नाही. हे औषध जुन्या व्याख्येने पूर्ण समजते. सोडियम नायट्रोप्रुसाइड मात्र शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडते. तो वायू कोणत्याही पृष्ठभागावरच्या कुलपापाशी न थांबता आत शिरतो आणि वाहिनी सैल करतो. हे समजायला जुनी व्याख्या पुरत नाही. एकाच खाटेवरच्या रुग्णाला दोन्ही व्याख्यांची गरज पडावी, यापेक्षा चांगला पाठ कोणत्या पुस्तकात मिळणार?

झापडे म्हणजे काय

जपानमध्ये देगुची आणि योशिओका यांनी १९८२ साली दाखवले होते, की चेतापेशींच्या अर्बुदातील पेशींत चक्रीय जीएमपी बनवणाऱ्या विकराला आर्जिनीन जागे करते. तेच विकर नायट्रिक ऑक्साइडने जागे होते हे १९७७ पासून छापलेले होते. दोन टोके समोर होती. ती मेंदूत जुळायला १९८८-८९ साल उजाडले. अल्पायुषी वायू मोजणे अवघड होते, हे एक कारण खरे. पण माझ्या मते दुसरेही कारण होते. दूत म्हणजे पिशवीत साठणारा पदार्थ, असे एकदा मनात बसले की वायूकडे दूत म्हणून पाहण्याचे सुचतच नाही.

आणि हा वायू एकटा नव्हता. १९९३ साली कार्बन मोनॉक्साइड आणि १९९६ साली हायड्रोजन सल्फाइड मेंदूत दूताचे काम करत असावेत असा पुरावा पुढे आला. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे किपच्या उपकरणातून निघणारा, कुजक्या अंड्याच्या वासाचा तोच वायू. एक दार उघडले, तेव्हा मागे आणखी दोघे उभे होते.

शिक्षकांच्या दोन शंका

पहिली शंका अशी, की परीक्षेत एकच उत्तर लागते, मग मुलांचा गोंधळ का करावा? समजा, देवळ्यातील एखाद्या विद्यार्थिनीने उत्तरपत्रिकेत लिहिले, 'बहुतेक रासायनिक दूत पिशव्यांत साठवले जातात, पण नायट्रिक ऑक्साइड साठवला जात नाही.' या उत्तरावर लाल शाई फिरवायची काय? तिने 'सर्व'च्या जागी 'बहुतेक' लिहिले एवढाच तिचा गुन्हा. गोंधळ तिच्या डोक्यात नाही. आदर्श उत्तर तिच्या मागे राहिले आहे. मुलांना अपवाद झेपत नाहीत ही समजूतही बरोबर नाही. व्याकरणातले अपवाद ती रोज शिकतात. पाण्याचे असंगत आचरण शिकतात. विज्ञानातला हा एक अपवाद त्यांना जड जाईल असे वाटत नाही.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. व्याख्या बदलतात असे सांगितले, तर 'मग विज्ञानात पक्के काहीच नाही, कोणीही काहीही म्हणावे' असा अर्थ मुले काढतील. या शंकेला उत्तर याच हकीकतीत आहे. लोवीचे हृदय आजही तसेच मंदावेल. अॅसिटिलकोलीन आजही पिशव्यांतूनच बाहेर पडते. जुन्या प्रयोगातील एकही निरीक्षण खोटे ठरले नाही. बदलली ती आपण त्यांच्याभोवती आखलेली रेघ. तीही कोणाच्या मतामुळे बदलली नाही. सैल पडणारा वाहिनीचा तुकडा, हिमोग्लोबिनची चाचणी, शुद्ध केलेले विकर, विकराविना वाढवलेले उंदीर, एवढ्या साक्षी झाल्यावर बदलली. व्याख्या बदलण्याची किंमत किती मोठी असते हे मुलांनी पाहिले, तर 'काहीही म्हणावे' असे त्यांना कधीच वाटणार नाही.

उलट, नुसते लेबल पाठ करणाऱ्यालाच फसवणे सोपे असते. 'नायट्रिक ऑक्साइड वाढवणारी' म्हणून पावडरींचे डबे आज विकले जातात. ज्याला एवढेच ठाऊक आहे की हा मेंदूचा दूत आहे, तो म्हणेल, जास्त घेतला तर बुद्धी वाढेल. ज्याला हा वायू क्षणापुरता, जागेपुरता व मोजूनमापून बनतो हे ठाऊक आहे, तो आधी विचारील, 'कोठे, किती आणि कशावरून?'

काय करता येईल

त्यासाठी नवे पुस्तक नको, अनुदान नको, प्रयोगशाळाही नको. वहीला समास असतोच. प्रत्येक महत्त्वाच्या व्याख्येसमोर समासात तीन गोष्टी लिहाव्यात: ती साधारण कोणत्या साली ठरली, कोणत्या प्रयोगावरून ठरली, आणि काय सापडले तर ती बदलावी लागेल. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड व सर्वांत मोलाची. ती पुस्तकात सापडणार नाही. ती वर्गात बोलूनच ठरवावी लागेल. शिक्षकांनाही कधी 'याचे उत्तर पुढच्या तासाला बघू' म्हणावे लागेल. त्यात कमीपणा नाही. महिन्याला एक व्याख्या घेतली तरी वर्षाकाठी आठ-दहा होतील.

सुरुवात रासायनिक दूतापासून करा. समासात १९२१ आणि १९८८ ही दोन्ही साले लिहा. मग खाली एक प्रश्न लिहून ठेवा. फोडणीच्या वासासारखा चोहीकडे पसरणारा वायू मेंदूत नेमका, हव्या त्याच पेशीला लागू पडणारा निरोप कसा देतो? संशोधक अजून यावर काम करत आहेत. तुमच्या वर्गाला काय वाटते ते आधी आपापसांत बोला, आणि मग वाचायला लागा.